पैसे एका बंबाचे, मागण्या पाच गाड्यांच्या

आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात तीन गाड्या होत्या. 2008 सालचा मोठा बंब, टाटा 1613 च्या चासीवर बांधलेला, साडेचार हजार लिटरचा. 2004 ची छोटी गाडी, 407 वरची. आणि एक जीप, तिच्यात माणसांपेक्षा होजपाइपच जास्त बसायचे. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. भोवती ऊस, साखर कारखाने, पलीकडं पुणे-सोलापूर महामार्ग. मी इथं ड्रायव्हर म्हणून लागलो आणि केंद्राचा प्रभारी म्हणून बाहेर पडलो. निवृत्ती तोंडावर आली असताना हा गाड्यांचा विषय अंगावर आला. आता आसपासच्या नगरपरिषदांतली पोरं फोन करतात, "मामा, आमच्याकडंही एकाच गाडीचे पैसे आलेत, काय घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

विषय निघाला तो कायद्यानं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं जानेवारी 2023 मध्ये अधिसूचना काढली. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं भरलेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद. राज्य सरकार, महापालिका, नगरपरिषदा, एसटी, सगळे त्यात आले. आधी नूतनीकरण करून घेतलं असलं तरी 15 वर्षं झाली की ते रद्द धरायचं. सूट कुणाला, तर देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांच्या कामावरच्या खास गाड्यांना. बंबाचं नाव त्यात नाही. म्हणजे आमच्या दोन्ही पाण्याच्या गाड्या एका फटक्यात गेल्या. छोटी आधीच वय उलटलेली, मोठीचं वय त्याच वर्षी भरलेलं.

धुराड्या गाड्या रस्त्यावरून काढायच्या हे मला पटतं. पण बंबाचं वय कॅलेंडरवर मोजायचं म्हणजे गंमतच आहे. आमच्या मोठ्या बंबाचं मीटर दाखवलं असतं तर एखादा वडापवाला म्हणाला असता, गाडी अजून रुळलीही नाही. उलट बाजूनं, बंबाचं निम्मं आयुष्य उभ्या उभ्या जातं. इंजिनची ताकद पंपाकडं वळवणारा पीटीओ टाकलेला, इंजिन रेस केलेलं, पंप फिरतोय, आणि हे तासन्‌तास. मीटर जागचं हलत नाही आणि इंजिन मात्र घाट चढत असतं. त्यामुळं वर्षं बघून चालत नाही आणि किलोमीटर बघूनही नाही. पंप किती तास चालला, हे लॉगबुकात लिहिलेलं असेल तरच गाडीची खरी तब्येत कळते. आमच्या जिल्ह्यात किती केंद्रं ते लिहितात हे विचारू नका.

मोठ्या बंबाचा खरा आजार वेगळाच होता. रात्रभर उभा राहिला की एअर टाकीतली हवा उतरायची. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब चढल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. वर्दी, म्हणजे आगीची-अपघाताची खबर, आली की ड्रायव्हर स्टार्टर मारायचा आणि डॅशबोर्डवरच्या काट्याकडं बघत बसायचा. माणसं आत चढलेली, हेल्मेट डोक्यावर, सायरन चालू, आणि गाडी गेटातच. बाहेर लोक शिव्या घालतायत. एक जॉइंट बदलला की दुसरीकडून फुसफुस. शेवटी रात्रपाळीला दर दोन-अडीच तासांनी उठून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची ड्युटीच लावली. छोट्या गाडीचा पंप ठणठणीत, पण लोखंडी टाकी गंजून तळाला वेल्डिंगवर वेल्डिंग. टाकी भरून ठेवली की सकाळी खाली ओल.

तर दोन्ही बदलायच्या होत्या आणि हातात पैसे एकीचे. "दुसरीचं पुढच्या वर्षी बघू," असं मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या. त्या वेळी सभागृहाची मुदत संपलेली, मॅडमच प्रशासक. केंद्रानं जुलै 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना आणली, त्यात आपल्यासारख्या राज्यांनी 25 टक्के वाटा घालायचा, ही बातमी छापून आली तेव्हा आमच्या हापिसात लोक चहाबरोबर पाच-पाच गाड्यांची नावं घेऊ लागले. निवडणूक नसली तरी माजी नगरसेवकांचा राबता होताच. प्रत्येकाच्या डोक्यात एक गाडी.

पहिली मागणी शिडीची. गावात पाच-सहा मजली इमारती व्हायला लागल्या आहेत आणि मुंबईत शिडीची गाडी वर जाताना टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली. "उद्या पाचव्या मजल्यावर आग लागली तर?" प्रश्न चुकीचा नाही. पण हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची किंमत कोटींत जाते, एका गाडीच्या पैशात ती बसतच नाही. बसली असती तरी उभी कुठं करणार? ती गाडी वर जाण्याआधी दोन्ही अंगांना जॅक बाहेर काढते, ते कडक जमिनीवर टेकावे लागतात. आमच्याकडं इमारतीसमोर आधी गटार, गटारावर फरशी, फरशीवर पानटपरी, वरून विजेच्या तारा. मी मॅडमना घेऊन अशा इमारतींसमोर जाऊन उभा राहिलो. एका इमारतीपाशी त्या स्वतःच म्हणाल्या, "इथं माझी गाडी वळत नाही, तुमची काय वळणार?"

उंच इमारतीचं उत्तर मुळात इमारतीतच आहे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानं आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक-भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं. आमच्याकडं किती इमारतींचं येत होतं? बोटावर मोजण्याइतक्यांचं. इमारतीत वरपर्यंत पाणी नेणारा रायझरचा पाइप असतो, त्याचा पंप बंद. होज बॉक्समध्ये झाडू. हे नीट करून घ्यायला नोटिसा आणि एक मोटारसायकल लागते, कोट्यवधीची गाडी नाही. रायझर चालू असेल तर आमची पोरं जिन्यानं वर जाऊन पाचव्या मजल्यावर पाणी मारतील. तिसऱ्या मजल्यापर्यंत बंबावरची साडेदहा मीटरची अॅल्युमिनियमची शिडी पुरते, फक्त ती लावायचा सराव पाहिजे. त्याहून मोठं काही झालं तर सोलापूरला फोन.

दुसरी मागणी फोमच्या गाडीची. आसपास डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉल आहे. पण तिथली पहिली पंधरा मिनिटं तिथल्याच यंत्रणेनं सांभाळायची असतात, आम्ही पोचेपर्यंत निकाल लागलेला असतो. आमच्या बंबावर फोमचे कॅन आणि फोम ब्रँच पाइप, म्हणजे होजच्या टोकाला लावायची फोमची नळी, असला तरी रस्त्यावर उलटलेल्या टँकरपुरतं भागतं. एक लक्षात ठेवा, इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळं साधा फोम त्यावर टिकत नाही. अल्कोहोलला चालणारा वेगळा फोम मागवावा लागतो. कॅन घेताना हे कुणी बघत नाही, स्वस्तातला उचलतात.

तिसरी मागणी आरोग्य विभागाची, मोठ्या टँकरची, कारण कचरा डेपो वर्षातून कितीदा पेटतो त्याला गणती नाही. आग विझवायच्या बाइकची मागणी एका इंजिनिअर साहेबांची, त्यांनी ती कुठल्याशा प्रदर्शनात बघितली होती. आणि रेस्क्यू व्हॅनची मागणी पोलिसांकडून आली. ती मात्र मी हसण्यावारी नेली नाही.

या गर्दीतून वाट काढायला मी वर्दी नोंदवह्या काढल्या. प्रत्येक केंद्रात त्या असतात. वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, कुठं गेली, काय जळत होतं, पाणी किती लागलं. ड्युटीवरच्या एका पोराला बसवलं आणि गेल्या काही वर्षांच्या वर्द्या एका मोठ्या कागदावर उतरवल्या. घर, दुकान, ऊस, कडबा, कचरा, गाडी, सिलिंडर, विहीर, अपघात, असे रकाने.

सगळ्यात उंच रकाना कचऱ्याचा निघाला. आरोग्य विभाग खूश. "बघा, आम्ही म्हणत होतो." पण वर्द्या जास्त म्हणून पहिली गाडी त्यांची, हा हिशेब मला मान्य नव्हता. कचरा डेपोत कोण मरतं? धूर होतो, लोक वैतागतात, बातमी येते. आणि ती आग बंबानं विझतही नाही. वरून पाणी मारा, आत दोन दिवस धुमसत राहते. तिला जेसीबी लागतो, ढीग उकरून पसरायचा आणि मग पाणी. पाणी द्यायला पाणीपुरवठ्याचे टँकर आहेतच. टँकरच्या आउटलेटला आपल्या होजची कपलिंग बसेल असा अडॅप्टर करून घेतला की झालं. लेथवाल्याकडं काही हजारांत होतो. आम्ही केला, आणि पाच गाड्यांच्या यादीतली एक गाडी तिथंच खोडली.

मग उरलेल्या रकान्यांना मी दुसरा प्रश्न विचारला. या वर्दीला आमची गाडी गेली नसती, किंवा वीस मिनिटं उशिरा गेली असती, तर काय झालं असतं? आता चित्र उलटं झालं. घराच्या आगी संख्येनं कमी, पण तिथं मिनिटाला किंमत. पेठेतली आग तर विचारूच नका, भिंतीला भिंत, माळवदाची जुनी घरं, आत लाकूड. हायवेचा अपघात महिन्यातून थोडेच, पण केबिनमध्ये अडकलेला ड्रायव्हर तिथं जिवंत असतो. विहिरीच्या वर्द्या वर्षाला मोजक्या. त्यात एक माणूस गाळ काढायला उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. अशा वेळी बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क, घातलेला फायरमन आणि दोर लागतो.

18 मे 2025 ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जण गेले. आमची गाडी त्याआधीच आली होती, पण तेव्हापासून 'काय घेऊ' विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, बीए सेट किती आहेत, चालू किती आहेत, आणि घालून आत जाता येणारी माणसं किती. बंब नवा आणि बीए सेटचे सिलिंडर रिकामे, असं असेल तर ती गाडी बाहेरून भिंतीवर पाणी मारायची.

ऊस. याच्यावर जरा थांबतो, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळत नाही. हंगाम चालू झाला की दुपारी वर्दी ठरलेली, अमक्या वस्तीवर फड पेटला. विजेच्या तारा घासतात, ठिणगी पाचटावर पडते आणि वारा असेल तर बघता बघता दोन-तीन एकर जातो. बंब तिथं पोचतो तो शेतरस्त्यानं, पाण्याचे साडेचार टन पोटात घेऊन. पेटलेल्या फडात पाणी मारायचं नसतं, ते गेलं ते गेलं. पुढचा पट्टा तोडून वेगळा करायचा आणि कड भिजवत राहायचं. शेतकरी ओरडत असतो, "आत मारा, साहेब, आत मारा." त्याचंही बरोबर आहे, जळका ऊस वेळेत कारखान्यात गेला नाही तर वजन घटतं आणि दरातही कपात लागते.

इथं पाणी संपतं हा खरा प्रश्न. कागदावर पंप मिनिटाला 2,250 लिटर फेकतो. पूर्ण ताकदीनं चालवला तर साडेचार हजारांची टाकी दोन मिनिटांत कोरडी. एक होज, साधी ब्रँच, मिनिटाला चारशेच्या आसपास धरलं तर दहा-अकरा मिनिटं. त्यानंतर काय? बाजूला विहीर आहे, पण आमच्या भागातली विहीर उन्हाळ्याकडं पन्नास फूट खोल गेलेली असते, आणि सक्शननं पाणी सात मीटरच्या वर ओढायचं म्हटलं की पंप रुसतो. हवेचा दाबच तेवढा, त्याला इलाज नाही. मग शेतकऱ्याची मोटर चालू करायची आणि तिचा पाइप थेट बंबाच्या टाकीत सोडायचा. त्यासाठी टाकीवरचं झाकण मोठं पाहिजे आणि वर चढायला धड शिडी पाहिजे. आमच्या जुन्या बंबाचं झाकण इतकं अरुंद की एक माणूस वर बसून पाइप हातानं धरून ठेवायचा. हे कुठल्याही निविदेच्या कागदात नसतं. आम्ही नव्यात लिहून घेतलं.

हे सगळं मांडल्यावर मॅडमनी विचारलं, "मग थोडक्यात सांगा, कुठली?" मी म्हटलं, मॅडम, कुठली पहिली याच्याआधी एक बघू. नवी गाडी आली, दुसरीही पुढच्या वर्षी आली. वर्षभरात दोन्हीपैकी एक वर्कशॉपला जाणारच. क्लच जाईल, पंपाचं सील जाईल. त्या दिवशी उरलेली गाडी एकटी गाव सांभाळू शकेल का? ज्या गाडीबद्दल याचं उत्तर 'नाही' येतं, ती आपल्या पहिल्या दोन गाड्यांत बसत नाही. मोठ्या शहरात जुना बंब मागं राखीव ठेवायची सोय होती. 15 वर्षांच्या नियमानं आपल्यासारख्यांची ती सोय गेली. जुनी गाडी अंगणात उभी असली तरी रस्त्यावर आणता येत नाही. राखीव काही नाही, तर दोन्ही गाड्या कामाच्याच पाहिजेत.

या एका प्रश्नावर यादी आपोआप गळाली. शिडीची गाडी एकटी आग विझवत नाही. नुसत्या टँकरला होज जोडून पेठेत काम होत नाही. बाइक म्हणजे तर, असो. रेस्क्यू व्हॅन एकटी उरली तर घराच्या आगीला हात चोळत उभी राहील. पण रेस्क्यूचं सामान पाहिजेच होतं. म्हणून ठरलं की वेगळी व्हॅन नको, मोठ्या बंबाच्याच एका बाजूच्या कप्प्यात ते बसवायचं. बॅटरीवर चालणारं कटर-स्प्रेडर, दोर, विहिरीवर लावायचा ट्रायपॉड, बीए सेट, लाइट मास्ट. अपघाताला तसाही बंब न्यावाच लागतो, डिझेल सांडलेलं असतं.

तर पहिला मोठा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा बंब. साडेचार हजार लिटर, त्याहून मोठा नको. इथं पुन्हा वाद झाला. "घेताय तर आठ हजाराची घ्या, पैसे तेवढेच पडतील." पडत नाहीत, पण ते सोडा. आठ हजार लिटर म्हणजे आठ टन पाणी. शेतरस्त्यावर फसली तर तिला काढायला ट्रॅक्टर पुरणार नाही. अर्धी टाकी रिकामी झाली की वळणावर पाणी एका बाजूला झेपावतं, आत आडव्या पाट्या कमी घातल्या असतील तर गाडी ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. मी हे स्टिअरिंगवर बसून अनुभवलंय.

आणि आता पेठ. मोठा बंब पेठेत कुठवर जातो हे सगळ्यांना 'माहीत' होतं, पण कुणी मोजलं नव्हतं. आम्ही अडीच मीटरची एक बांबूची काठी घेतली, बंबाच्या रुंदीची. दोन पोरं ती आडवी धरून भल्या सकाळी पेठेत निघाली. जिथं काठी अडली तिथं नकाशावर लाल खूण. कुठं ओटा, कुठं पायऱ्या, कुठं विजेचा खांब, कुठं कुणाची कायमची लावलेली रिक्षा. गणपतीच्या दिवसांत मांडव पडले की परत फिरलो, तेव्हा लाल खुणा जवळजवळ मुख्य रस्त्यापर्यंत आल्या. मग प्रत्येक लाल खुणेपासून गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत तीस मीटरचे किती होज लागतील ते मोजलं. काही ठिकाणी पाच लागले. पाच होज जोडायला, ओढायला, पिळा न पडता सरळ करायला किती वेळ जातो हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत, आणि टोकाला दाब उतरतो तो वेगळा. लोकांनी काठीवाल्या पोरांची भरपूर टिंगल केली. "काय रे, पेठेची वरात काढताय का?"

त्या नकाशावरून दुसरी गाडी ठरली. छोट्या चासीवरचा मिनी टेंडर, दीड-दोन हजार लिटर, खरा पंप असलेला. इथं विक्रेते पिकअपवरचं हाय प्रेशर मिस्टचं युनिट पुढं करतात, तीनशे-चारशे लिटरवालं. वस्तू वाईट नाही. धुक्यासारखं पाणी मारतं, पाणी वाचतं, दुकानातली सुरुवातीची आग पटकन बसते. मुंबई-पुण्यात मागं दहा मोठे बंब असतात तिथं ती पहिली धावायला छानच. पण आमचा मोठा बंब वर्कशॉपला असताना कडब्याची गंजी पेटली तर तीनशे लिटरनं तिची मिशीसुद्धा भिजणार नाही. माझा प्रश्न तिथंही लावला आणि ती गळाली. तिसरी गाडी म्हणून कधी पैसे आले तर जरूर घ्या.

मग छोटीच आधी का नाही घेतली, असं नेमकं एका हुशार पोरानं विचारलं. पेठेत जीव जास्त अडकलेले, छोटी गाडी स्वस्त, ड्रायव्हरला सोपी. मीही बराच वेळ त्या बाजूला झुकलो होतो. मोठी आधी घ्यायचं कारण वारी. आषाढीला पंढरपूरला बंदोबस्तासाठी आसपासच्या गाड्या मागवतात. आमचीही जाते, आणि ती जायलाच पाहिजे, लाखोंनी माणूस जमतो, तंबू, गॅस, स्टोव्ह. नव्या मोठ्या बंबाच्या जोडीला शेजारच्या नगरपरिषदेची मदत लेखी ठरवून ठेवली तर वर्षभर गाव निभतं. नुसत्या छोटीवर ऊस, हायवे आणि वारी हे तिन्ही निभत नाही. पेठेसाठी त्या वर्षापुरतं काय केलं, तर जुन्या छोट्या गाडीवरचा पोर्टेबल पंप उतरवून जीपच्या मागं ट्रॉलीवर बसवला आणि दोन चौकांत होज आणि ब्रँच पाइप ठेवलेल्या पेट्या केल्या. जीपचं वय अजून भरायचं होतं म्हणून जमलं.

माणसांचं सांगायचं राहिलं. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना दंडक दर 50,000 लोकसंख्येमागं एक पंप असा आहे. पंपामागची माणसं आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, अडकतात. गाडी निविदेनं येते, माणूस येत नाही. एका पाळीला एक ड्रायव्हर आणि तीन-चार फायरमन, त्यातले निम्मे कंत्राटी. तीन गाड्या घेतल्या असत्या तर दोन शेडमध्ये उभ्या राहिल्या असत्या आणि त्यांच्याही एअर टाक्या उतरल्या असत्या. मॅडमना हे लगेच पटलं, कारण पगाराची फाइल त्यांच्याच टेबलावर होती.

खरेदी करणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. चासी कंपनीची येते, पण बॉडी, टाकी, पंप बसवणारा वेगळा असतो आणि खरी गाडी तो बनवतो. बांधकाम चालू असताना तिथं जाऊन बघा, पूर्ण झाल्यावर रंगाखाली काही दिसत नाही. टाकी स्टेनलेस स्टीलची घ्या, आमच्या छोटीचं मरण लोखंडी टाकीनंच ओढवलं. केबिनमध्ये पूर्ण टोळी बसली पाहिजे, मागं लोंबकळत जायचे दिवस गेले. कप्प्यांची शटर दहा वेळा उघडून बघा. ताब्यात घेताना पंप पाच मिनिटं चालवून फोटो काढू नका. मी दुपारच्या उन्हात तो सलग चालवायला लावला, तोपर्यंत विक्रेत्याचा माणूस सावलीत घड्याळ बघत होता. तिसऱ्या तासाला एका जॉइंटमधून थेंब सुटला. तो तिथंच बदलून घेतला.

आणि बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमाच्या गाड्या. या नव्या डिझेल गाड्या सायलेन्सरमधली काजळी जाळायला अधूनमधून स्वतःहून तापतात. हायवेवर ठीक. वाळलेल्या पाचटावर उभं राहून पंप चालवताना ते झालं तर बंबच ऊस पेटवेल. ते थांबवायचं बटण कुठं आहे हे ड्रायव्हरला पहिल्या दिवशी दाखवून घ्या आणि सायलेन्सरचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बॉडी बांधायच्या आधी बघा. शिवाय डिझेलबरोबर त्यांना डीईएफ लागतं, धूर साफ करायचं द्रव, पोरं त्याला युरिया म्हणतात. ते संपलं की गाडी ताकद कमी करते, मग वर्दी असो नाहीतर काही असो. म्हणून केंद्रात दोन कॅन कायम भरलेले पाहिजेत.

आम्ही पहिल्याच महिन्यात ते मागवले आणि बिल लेखा विभागात गेलं. चार दिवसांनी शेरा मारून परत आलं, अग्निशमन विभागास युरिया कोणत्या प्रयोजनार्थ लागतो याचा खुलासा करावा. खुलासा केला. मग दुसरा शेरा, उद्यान विभागाकडील साठ्यातून घ्यावा. शेवटी मॅडमनी दोघांना समोर बसवलं, कॅनवरचं लेबल वाचून दाखवलं आणि वाहन दुरुस्तीच्या शीर्षातून पैसे दिले. छोट्या गाडीची फाइल सध्या जिल्ह्याला आहे, तिच्यात मी डीईएफचा खर्च आधीच वेगळ्या ओळीत लिहून ठेवलाय.